सल्ला देत नाही, मग काउन्सेलर करतो तरी काय?

काउन्सेलरकडे जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं, आपण आपलं गाऱ्हाणं सांगायचं आणि समोरच्या शिकल्यासवरल्या माणसाने ते ऐकून "आता तुम्ही असं करा" म्हणून सांगायचं. घरातली मोठी माणसं हेच करतात, डॉक्टर हेच करतात, ज्योतिषी तर हेच करतो. मग कोणीतरी व्यक्तिकेंद्रित पद्धतीने काम करणाऱ्या काउन्सेलरकडे जातं, पाऊण तास बोलतं, आणि घरी येऊन म्हणतं की अहो त्या मॅडमनी काही सांगितलंच नाही, नुसतं ऐकून घेतलं, ऐकायचे पण पैसे घेतात का? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं, कारण या पद्धतीत काउन्सेलर जे करतो ते बाहेरून फार थोडं दिसतं आणि करायला मात्र फार अवघड असतं, आणि त्यासाठी पुस्तकी ज्ञानापेक्षा तो स्वतः माणूस म्हणून कसा आहे हेच जास्त कामाला येतं.

ही पद्धत कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. जन्म १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा, घरचं वातावरण कडक धार्मिक, पुढे घरच्यांनी शेत घेतलं तेव्हा हा शेतीत रमला, कॉलेजला आधी शेतीच शिकायला गेला, मग पाद्री व्हायचं म्हणून न्यूयॉर्कला धर्मशिक्षणाच्या संस्थेत गेला आणि तिथून रस्ता ओलांडल्यासारखा मानसशास्त्रात आला. १९२८ पासून बारा वर्षं त्याने रॉचेस्टर नावाच्या शहरात, कोर्टाने किंवा संस्थांनी पाठवलेल्या अडचणीतल्या मुलांसोबत काम केलं. तिथली एक गोष्ट त्याने स्वतः लिहून ठेवलीय आणि मला वाटतं ती समजली की अर्धी पद्धत समजली.

एक आई होती, हुशार बाई, तिचा मुलगा अतिशय दंगेखोर. रॉजर्सने केस हिस्टरी वगैरे घेऊन ठरवलं की मूळ कारण आईनेच मुलाला लहानपणी मनापासून स्वीकारलं नाही हे आहे, आणि हे तिच्या लक्षात आणून द्यायचं. मग आठवडेच्या आठवडे तो तिला हळूहळू, गोड बोलून, तिच्याच बोलण्यातले पुरावे दाखवून त्या निष्कर्षाकडे न्यायचा प्रयत्न करत राहिला आणि काही म्हणजे काही झालं नाही. शेवटी त्याने सरळ सांगितलं की आपण दोघांनीही प्रयत्न केला पण जमत नाहीये, थांबूया का. ती हो म्हणाली, शेकहँड झाला, ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांना पण काउन्सेलिंग देता का? तो म्हणाला हो देतो. तर ती परत येऊन त्याच खुर्चीत बसली आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आपण हरलोय ही भावना, मनातला सगळा गोंधळ भडाभडा बोलायला लागली, आणि आधीच्या सगळ्या कोरड्या केस हिस्टरीपेक्षा हे काहीतरी वेगळंच होतं. खरी थेरपी त्या क्षणी सुरू झाली असं रॉजर्स म्हणतो, आणि तिचा फायदा पुढे मुलालाही झाला. यातून त्याने घेतलं ते एवढंच की कुठे दुखतंय, आधी कशाला हात घालायचा, कुठल्या दिशेने जायचं हे क्लायंटला माहीत असतं, आपली हुशारी मिरवायची गरज नसेल तर त्याच्यावर विसंबून चालता येतं.

"आपली हुशारी मिरवायची गरज नसेल तर" हे वाक्य मी परत परत वाचते, कारण काउन्सेलरची भूमिका म्हणजे काय याचं उत्तर तिथेच आहे. समोरचा माणूस अडकलेला दिसतोय, आपल्याला वाटतंय की याचं नेमकं काय चुकतंय ते आपल्याला कळलंय, आणि तरी ते त्याच्या तोंडावर न मारता त्याच्यासोबत बसून राहायचं, हे कोणालाही सहज जमणारं नाही. आपल्याकडे तर नाहीच, कारण आपल्याकडे प्रेम दाखवायची सगळ्यात रुळलेली रीत म्हणजे सल्ला. जेवलास का आणि असं कर, या दोन वाक्यांवर आपली घरं चालतात.

आता रॉजर्सला एवढा विश्वास कुठून आला की माणसाला स्वतःलाच रस्ता सापडेल? तो एक आठवण सांगायचा. लहानपणी त्यांच्या घरी हिवाळ्यासाठीचे बटाटे तळघरात साठवून ठेवत, वर कुठेतरी उंचावर एक छोटी खिडकी. आपल्या कांद्याबटाट्याच्या टोपलीत होतं तसंच तिथेही व्हायचं, बटाट्यांना मोड यायचे, पण मातीत येणारे हिरवे धट्टेकट्टे कोंब नाहीत, पांढरे फिकट मोड, आणि ते दोन दोन तीन तीन फूट वाढायचे त्या खिडकीतल्या उजेडाच्या दिशेने. त्यांचं कधी झाड होणार नसतं तरी ते वाढत असतात. रॉजर्स पुढे हॉस्पिटलच्या मागच्या वॉर्डांमधल्या, आयुष्याने वेडीवाकडी करून टाकलेल्या माणसांबरोबर काम करताना म्हणायचा की मला ते बटाटे आठवतात, यांचं वागणं आपल्याला विचित्र वाटतं पण जे मिळालं त्या परिस्थितीत वाढायचा तो त्यांचा प्रयत्न आहे. ही वाढायची ओढ प्रत्येक जिवंत गोष्टीत असते असं त्याचं मत, आणि काउन्सेलरचं काम ती ओढ निर्माण करणं हे नव्हेच, तिला लागणारं वातावरण द्यायचं.

मग माणूस अडकतो का? तर लहानपणापासून आपल्याला प्रेम मिळतं ते अटी घालून. पहिला नंबर आला तर शहाणा, रडला नाही तर शूर, उलट बोलली नाही तर गुणाची पोर. अट पुरी केली की माया, नाही केली की तोंड फिरवलेलं. मूल बिचारं हुशार असतं, ते पटकन शिकतं की आपल्यातला कुठला भाग दाखवायचा आणि कुठला दाबायचा, आणि दाबता दाबता एक दिवस त्याला स्वतःलाच कळेनासं होतं की मला राग येतो की नाही, मला हे हवंय की बाबांना हवंय. पस्तिशीतला माणूस "मला नेमकं काय वाटतंय तेच कळत नाही" म्हणतो ना, तो नाटक करत नसतो. आणि ज्याची घडणच अटींमुळे अशी झालीय त्याला आणखी एका तज्ज्ञाने आणखी एक अट घालून, म्हणजे मी सांगतो तसं वाग मग तू बरा, असं सांगून काय होणार?

म्हणून या पद्धतीत काउन्सेलर तज्ज्ञाची खुर्ची सोडतो. रोगाला नाव देणं, स्वप्नांचे अर्थ लावणं, होमवर्क देणं, योग्य अयोग्य ठरवणं यातलं तो जवळपास काही करत नाही. सेशनमध्ये कशावर बोलायचं हे क्लायंट ठरवतो. रॉजर्सने १९४० च्या डिसेंबरमध्ये मिनेसोटा विद्यापीठात हे विचार मांडले तेव्हा समोर बसलेली बरीच मंडळी खवळली होती, कारण सल्ला देणं हेच तेव्हा तिथल्या काउन्सेलिंगचं मुख्य काम होतं. त्याने अजून एक धाडसाची गोष्ट केली, सेशन रेकॉर्ड केले. १९४२ च्या त्याच्या पुस्तकात एका क्लायंटच्या सगळ्या सेशन्सचं शब्दन् शब्द लिखाण आहे, नाव बदलून. त्याआधी बंद खोलीत थेरपिस्ट काय करतो हे तो स्वतः सांगेल तेवढंच जगाला कळायचं. तेव्हाची ती तबकड्यांवरची रेकॉर्डिंगं, काही मिनिटांत तबकडी भरायची, मग दुसरी लावायची, पण त्यामुळे काउन्सेलरला स्वतःचं बोलणं परत ऐकून बघता आलं की आपण कुठे समोरच्याला तोडलं, कुठे आपलं घोडं पुढे दामटलं.

पण याच काळात एक घोटाळा पण झाला. लोकांनी पद्धतीतला दिसणारा भाग तेवढा उचलला, म्हणजे क्लायंटचं वाक्य थोडं फिरवून त्यालाच परत सांगायचं. "मला खूप कंटाळा आलाय." "हं, तुम्हाला कंटाळा आलाय." आजही काही ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात आणि शिकणारी मुलं मान डोलवत पोपटपंची करत बसतात. रॉजर्सला या पोपटपंचीचा मनापासून त्रास व्हायचा. मरायच्या एक वर्ष आधी, १९८६ साली त्याने लिहिलं की मी भावना परत दाखवत वगैरे नसतो, मी विचारत असतो की मला तुमचं जग असं दिसतंय, ते बरोबर दिसतंय का. वाक्य तेच असेल पण त्यात प्रश्न असतो, चूक दुरुस्त करून घ्यायची तयारी असते. फरक केवढा मोठा आहे बघा.

आणि पोपटपंची किती सोपी आहे हे एका मशीनने दाखवून दिलं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम बनवला, त्यातला गाजलेला अवतार रॉजर्स पद्धतीच्या थेरपिस्टची नक्कल करायचा, तुम्ही जे टाइप कराल त्यातलेच शब्द उलटवून प्रश्न विचारायचा. लोक त्याच्याशी खरंच बोलायला लागले, त्याची स्वतःची सेक्रेटरी बोलता बोलता त्याला म्हणाली की जरा बाहेर जाता का, आणि वायझेनबॉम हादरला. आज फोनवर चॅटबॉटशी रात्री दोन वाजता बोलणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. माझं म्हणणं एवढंच की तंत्राची नक्कल होते म्हणूनच तंत्र हा या पद्धतीचा गाभा असू शकत नाही. गाभा समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या तीन गुणांमध्ये आहे, आणि रॉजर्सने १९५७ च्या एका छोट्याशा पण फार गाजलेल्या लेखात ते मांडलेत.

पहिला समजून घेणं, ज्याला एम्पथी म्हणतात. समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून बघायचं, जणू ते आपलंच आहे असं, पण हे "जणू" कधी विसरायचं नाही. विसरलं की आपणही त्याच्यासोबत बुडतो आणि मग दोघांनाही उपयोग नाही. सहानुभूती वेगळी, त्यात "अरेरे बिचारी" असतं आणि बिचारी म्हटलं की ती खाली आणि आपण वर.

एक प्रसंग कल्पनेने उभा करते म्हणजे नीट दिसेल. समजा डोंबिवलीतली पन्नाशीची बाई आहे, सासऱ्यांना डिमेन्शिया आहे, चार वर्षं झाली, रात्री तीनदा उठावं लागतं, ते तिला ओळखत नाहीत, कधी कधी हात उगारतात, नवरा कामावर, नणंद फोनवर सूचना देते. आणि ती तिसऱ्या सेशनला खाली बघत, साडीचा पदर बोटाला गुंडाळत म्हणते, "मॅडम, कधी कधी वाटतं... ते गेले तर बरं होईल."

आता इथे काय काय म्हणता येतं? "असं नका म्हणू हो, तुम्ही किती करताय त्यांचं." हे ऐकायला प्रेमळ आहे, पण तिला कळतं की हे बोलायचं नव्हतं, दार बंद. "तुम्ही एखादी केअरटेकर का नाही ठेवत?" चांगली सूचना आहे, पण ती सूचना तिला चार वर्षांत चाळीस जणांनी दिलेली असणार. "अहो असं सगळ्यांनाच वाटतं." हे पण खरं असेल, पण ती सगळ्यांबद्दल बोलत नाहीये. व्यक्तिकेंद्रित काउन्सेलर कदाचित थोडं थांबेल आणि म्हणेल, "इतक्या थकलायत की सुटका हवीशी वाटते... आणि ते मनात आल्याचीच भीती वाटतेय का?" आणि बाई कदाचित म्हणेल, "भीती नाही मॅडम, लाज. माझे वडील असते तर मला असं वाटलं असतं का?" म्हणजे काउन्सेलरचा अंदाज थोडा चुकला, भीती नव्हती, लाज होती, आणि ते चुकलेलं चाललं, कारण ती दुरुस्त करू शकली आणि दुरुस्त करता करता स्वतः अजून एक पायरी आत गेली. वडिलांचा विषय काउन्सेलरने काढलेला नाही. कुठल्याही हुशार प्रश्नाने तो इतका सरळ आला नसता.

याच प्रसंगात दुसरा गुण पण आहे, बिनशर्त स्वीकार. ती बाई जे बोलली त्याने काउन्सेलरच्या डोळ्यातली माया कमी झाली का? तिला हे क्षणात कळतं, शब्दांनी कळत नाही, चेहऱ्यावरून कळतं. बिनशर्त स्वीकार म्हणजे तुमचं सगळं वागणं मला पसंत आहे असं अजिबात नाही. उद्या तिने सासऱ्यांवर हात उचलला तर काउन्सेलर ते योग्य म्हणणार नाही. पण माणूस म्हणून तिची किंमत तिच्या वागण्यावर अवलंबून नाही, तिला राग, लाज, द्वेष, काहीही वाटू शकतं आणि ते वाटलं म्हणून ती वाईट होत नाही, हे काउन्सेलरला खरंच वाटायला हवं. आणि हे वाटणं म्हणजे पोकळ गोडवा नव्हे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना असं कोणी कधी भेटलेलंच नसतं, म्हणून पहिल्यांदा भेटतं तेव्हा माणूस आधी संशय घेतो, याला माझ्याकडून काय हवंय? अट नाहीये हे पटायलाच कितीतरी सेशन जातात. आणि एकदा पटलं की तो हळूहळू स्वतःलाही तसंच वागवायला लागतो, मला राग येतो, ठीक आहे, मी बघतो त्याचं काय करायचं.

इथे काउन्सेलरची खरी परीक्षा असते ती त्याच्या स्वतःच्या पूर्वग्रहांची. जातीवरून आलेले, घटस्फोटाबद्दलचे, समलिंगी माणसांबद्दलचे, दारू पिणाऱ्या बापाबद्दलचे, पैशाबद्दलचे. ओठांवर स्वीकार आणि मनात "काय ही माणसं" असं असेल तर ते लपत नाही. म्हणून तिसरा गुण, आणि माझ्या मते तिघांतला सगळ्यात अवघड, तो म्हणजे खरेपणा. आत जे चाललंय आणि बाहेर जे दिसतंय त्यात फारकत नको. काउन्सेलरने मुखवटा घालून बसायचं नाही, मी शांत मी समंजस मी थेरपिस्ट असा.

याचा अर्थ मनात येईल ते बोलून टाकायचं असा नाही, हे नीट लक्षात घ्या कारण इथे लोक फार चुकतात. क्लायंट बोलतोय आणि मला कंटाळा आला तर लगेच "मला कंटाळा आला" म्हणायचं नाही. आधी तो कंटाळा स्वतःशी तरी कबूल करायचा, मला कंटाळा येऊच शकत नाही असं स्वतःला फसवायचं नाही. मग बघायचं की हा माझा आहे, म्हणजे काल झोप झाली नाही म्हणून आहे, की समोरचा माणूस काहीतरी टाळून गोल गोल बोलतोय म्हणून आहे. तो वारंवार येत असेल आणि दोघांच्या मध्ये येत असेल तरच तो बोलायचा, आणि बोलताना पण आरोप म्हणून नाही, माझ्या बाजूने काय होतंय म्हणून.

रॉजर्सचं स्वतःचं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला असताना तो एका अभ्यासासाठी सरकारी मनोरुग्णालयातल्या स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणाऱ्या गंभीर आजाराच्या पेशंटसोबत काम करत होता, त्यात एक तरुण होता जो जवळजवळ बोलायचाच नाही. त्यांच्या सेशनच्या रेकॉर्डिंगमध्ये कित्येक मिनिटं फक्त शांतता आहे. एकदा तो म्हणाला की मी कोणाच्याच कामाचा नाही, कधी नव्हतो, कधी नसेन. रॉजर्सने आधी ती भावना समजून घेतली आणि मग जे तो सहसा करत नसे ते केलं, स्वतःबद्दल बोलला. याने मदत होईल की नाही माहीत नाही, पण आपण अगदी कुचकामी आहोत असं वाटणं काय असतं ते मला कळतं कारण मलाही एक काळ तसं वाटलं होतं, अशा अर्थाचं. पुढच्या भेटीत तो तरुण म्हणाला मला कशाचंच काही वाटत नाही, तेव्हा रॉजर्स म्हणाला की तुला तुझं काही वाटत नसेल, पण मला तुझं वाटतं, तुझं काय होतं याची मला काळजी आहे. बराच वेळ शांतता, आणि मग तो पोरगा हमसून हमसून रडला.

हे वाक्य पाठ करून कोणी दुसऱ्या क्लायंटला म्हणेल तर ते खोटं वाटेल. रॉजर्सच्या तोंडी ते खरं होतं कारण त्याला ते तेव्हा खरंच वाटत होतं, आणि "मलाही तसं वाटलं होतं" हेही खरं होतं. साधारण १९४९ च्या सुमारास शिकागोला असताना एका अतिशय अस्वस्थ बाईंसोबत काम करता करता तो स्वतः कोलमडला होता. तिच्या मागण्या वाढत गेल्या, त्याला ना तिला थांबवता आलं ना स्वतःला सांभाळता आलं, शेवटी तो बायकोला घेऊन तडक शहर सोडून निघाला, दोन तीन महिने बाहेर राहिला आणि परत आल्यावर आपल्याच काउन्सेलिंग सेंटरमधल्या एका सहकाऱ्याकडे क्लायंट म्हणून गेला. तोपर्यंत तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष होऊन गेलेला होता हे लक्षात घ्या. त्याने हे लपवलं नाही, आणि मला तो एवढा मोठा वाटतो त्यात याचा वाटा आहे.

भूमिकेची सीमा कुठे असते ते बघायचं असेल तर १९६५ ची ती प्रसिद्ध ट्रेनिंग फिल्म. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित बाई तीन वेगवेगळ्या थेरपिस्टना भेटते, रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. एलिस आपल्याकडे जास्त माहितीचा, त्याच्या विवेकनिष्ठ पद्धतीबद्दल, म्हणजे चुकीचे विचार तपासून बदलायच्या पद्धतीबद्दल, मराठीत बरंच लिहिलं गेलंय. तर ग्लोरियाची नऊ वर्षांची मुलगी तिला विचारते की बाबांपासून वेगळी झाल्यावर तुझे कोणा पुरुषाशी संबंध आले का, आणि ती नाही म्हणून खोटं सांगते आणि तेव्हापासून ते खोटं तिला खातंय. ती रॉजर्सला सरळ विचारते, खरं सांगू की नको, मुलीवर वाईट परिणाम होईल का, मला तुमच्याकडून उत्तर हवंय. आणि रॉजर्स म्हणतो की तू मुलीला काय सांगायचं याचं उत्तर मला देता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण हे इतकं तुझं खाजगी आहे की मी ते तुझ्यासाठी देऊच शकत नाही, तुझं उत्तर शोधायला मात्र मी नक्की मदत करेन. ती परत परत विचारते, चिडते पण. तो डगमगत नाही आणि दूरही जात नाही. अर्ध्या तासात ती स्वतःच बोलायला लागते की खरं तर मला मुलीपेक्षा स्वतःलाच ते मान्य करायचंय. शेवटी ती म्हणते तुम्ही माझे वडील असता तर, आणि तो म्हणतो तू मला फार छान मुलगी वाटतेस. यावर पुढे कितीतरी वर्षं वाद झाले की हे थेरपिस्टने म्हणावं का. रॉजर्सचं म्हणणं, त्या क्षणी मला ते खरंच वाटलं. फिल्मच्या शेवटी ग्लोरियाने आपल्याला पर्ल्सची भेट सगळ्यात उपयोगाची वाटली असं सांगितलं होतं हेही सांगायला हवं, आणि तरी पुढे ती रॉजर्स आणि त्याच्या बायकोशी अनेक वर्षं पत्रांतून संपर्कात राहिली.

हे गुण जन्मजात लागतात का? नाही, पण दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये सर्टिफिकेटसोबत पण मिळत नाहीत. काउन्सेलरने स्वतः थेरपी घेणं, अनुभवी माणसाकडे नियमित सुपरव्हिजनला, म्हणजे आपलं काम तपासून घ्यायला, बसणं, क्लायंटच्या परवानगीने सेशन रेकॉर्ड करून परत ऐकणं, यातूनच ते वाढतात. स्वतःबद्दलचे गैरसमज रेकॉर्डिंगइतके कोणी मोडत नाही. रॉजर्सलाही हे चुकलं नाही, त्याच्यासोबत काम केलेल्या चार्ल्स ट्रुऑक्सने १९६६ मध्ये त्याच्याच सेशनची रेकॉर्डिंगं तपासून दाखवलं की क्लायंट ठराविक प्रकारचं बोलला की रॉजर्सच्या बोलण्यात ऊब आणि समज वाढते, आणि क्लायंट मग तसं जास्त बोलायला लागतो. म्हणजे मी दिशा देत नाही म्हणणारा माणूसही नकळत दिशा देतोच. याने पद्धत खोटी पडते असं मला वाटत नाही, पण काउन्सेलरने स्वतःवर किती बारीक नजर ठेवायला हवी ते कळतं.

आता मर्यादा. रॉजर्सचा दावा होता की हे वातावरण बदलासाठी आवश्यक आहे आणि पुरेसंही आहे. असं नातं महत्त्वाचं आहे हे आज बहुतेक सगळ्या पद्धतींचे लोक मानतात, नातं चांगलं नसेल तर थेरपी चालणं अवघड जातं. पुरेसं आहे का यावर मात्र एकमत नाही. विस्कॉन्सिनच्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवरच्या त्या अभ्यासात एकूण गटाचा निकाल फारसा उठून दिसला नाही, ज्यांना थेरपिस्टमध्ये ही समज आणि खरेपणा जास्त मिळाला ते पेशंट तुलनेने बरे होते एवढं दिसलं. ओसीडी (नको ते विचार आणि तीच कृती परत परत करणं), गंभीर डिप्रेशन, भास होणं, बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) यात बऱ्याचदा सायकियाट्रिस्ट आणि औषधं लागतात, आणि नुसतं ऐकत बसून पेशंटला तिकडे न पाठवणारा काउन्सेलर चुकतोय. जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

आणि ज्यांना अशा काउन्सेलरकडे जायचंय त्यांच्यासाठी. पहिल्याच भेटीत विचारा की तुम्ही कुठे शिकलात, कुठल्या पद्धतीने काम करता, सुपरव्हिजन घेता का, विचारण्यात गैर काही नाही, उलट आपल्याकडे काउन्सेलर हा शब्द कोणीही पाटीवर लिहितं म्हणून विचाराच. तुम्हाला सल्लाच हवा असेल तर तसं सांगा, चांगला काउन्सेलर ते उडवून लावणार नाही, त्यावर तुमच्याशी बोलेल आणि गरज वाटली तर वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्याचं नाव सुचवेल. रॉजर्सच्या १९५७ च्या त्या लेखात बदलासाठी लागणाऱ्या अटींची यादी आहे, तिच्यात एक शेवटची अट होती जी लोक विसरतात, काउन्सेलरला कितीही समजलं असेल, स्वीकार असेल, ते क्लायंटपर्यंत थोडं तरी पोचायला हवं, नाहीतर ते नसल्यात जमा. म्हणजे ते आहे की नाही हे सांगायचा हक्क तुमचा आहे. दोन तीन सेशननंतर एकदा म्हणून बघा की मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ते मला नाही पटलं, माझं तसं नव्हतं. समोरची व्यक्ती तुम्हालाच समजावायला लागली की तिचंच कसं बरोबर होतं, तर दुसरा काउन्सेलर शोधा. आणि ती म्हणाली की बरं झालं सांगितलंत, माझ्याकडून काय निसटलं ते सांगा ना, तर अजून काही सेशन नक्की जा.